पाच पोरांना दोन हात

सुतारदऱ्यातून खाली उतरायला किती पायऱ्या,
हे मला विचारू नका, समर्थला विचारा.
तो रोज वेगळा आकडा सांगतो
आणि रोज तोच बरोबर असतो.

सातला दहा कमी.
माझी दोन, जावेची दोन,
आणि शेजारच्या रेहानाचा मोईन,
ज्याला ती "आजच्या दिवस न्याल का ताई" म्हणून
सोडून गेली होती, गेल्या दिवाळीनंतर.
हात माझे दोन.
त्यातल्या एकाच्या कोपरात डब्यांची पिशवी.

वाटणी अशी.
डावीकडे आराध्या, कारण ती पळते.
उजवीकडे मोईन, कारण तो थांबतो.
मोईनच्या दप्तराचा पट्टा तेजूनं धरायचा.
समर्थ माझ्या ओढणीचं टोक धरतो
आणि मागून ब्रेक लावतो.
कार्तिकी चौथीत आहे. तिला धरलेलं चालत नाही.
ती पुढे चालते, आमची ओळखच नसल्यासारखी,
पण प्रत्येक वळणावर खाली बसून
बुटाची लेस बांधते.
तिच्या बुटांना लेस नाही.

घंटागाडी वर चढते. "भिंतीला चिकटा!"
पाचही जण चिकटतात,
भिंतीचा चुना पाचही पाठींवर.
मी झटकते. झटकते म्हणजे मारते, असं आराध्याचं मत.

मोईन विचारतो,
"काकू, मुंगीला शाळेत उशीर झाला तर?"
"मुंगीला होत नाही उशीर."
"का?"
"ती प्रश्न विचारत नाही."
तो गप्प होतो, आणि तीन घरं पुढे गेल्यावर
मलाच कसंतरी होतं.
म्हणते, "विचार, काय विचारायचं ते."
तो म्हणतो, "विसरलो."

मग पौड रस्ता.
वर मेट्रो, खाली आम्ही.
पुण्यात लाल दिवा सल्ला म्हणून लागतो,
स्कार्फातल्या फक्त डोळ्यांच्या बाया
तो ऐकून घेतात आणि निघून जातात.
मी ओरडते, "हात!"
सगळे हात एकदम येतात,
कुणाचा कुणात ते कळत नाही.
एक चिकट आहे. एक ओला आहे.
का ओला आहे, ते विचारायचं नसतं.
चाल, चाल, चाल, बघू नको, चाल.
पलीकडे गेल्यावर मोजते, एक, दोन, तीन, चार,
आणि कार्तिकी दुसरीकडे बघत
नुसत्या ओठांनी म्हणते, पाच.

गेंगजे मामा फाटक लावत असतात.
आम्हाला बघून एका दप्तराएवढी फट ठेवतात,
आणि घड्याळाकडे बघतात,
मला दिसावं असं.
आराध्या मागे वळून बघत नाही.
मोईन बघतो, खांबावर आपटेपर्यंत.

परतताना हात हलके,
तरी बोटं अर्धी वाकलेलीच,
बादलीची कडी सोडल्यानंतर राहतात तशी.
सिग्नलला येऊन उभी राहिले.
डोक्यात दुपारची भाजी, गॅसचा नंबर,
आणि तोंडातून निघालंच,
"हात!"

शेजारी एक आजोबा होते.
माकडटोपी, दोन हातांत दोन दुधाच्या पिशव्या.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
एक पिशवी दुसऱ्या हातात घेतली
आणि हात दिला.

आता काय बोलणार.
सोडताही येईना.
कागदासारखा कोरडा हात, आत कुठेतरी थरथर.
अर्ध्या रस्त्यात म्हणाले,
"सावकाश. पिशवी फुटेल."
मी सावकाश चालले. रिक्षावाला काहीतरी बोलला.
पलीकडे पोचल्यावर, सवयीनं, मनात म्हटलं, एक.
त्यांनी हात काढून घेतला, आभार नाहीत, काही नाही,
पेपरवाल्याकडे निघून गेले
आमची ओळखच नसल्यासारखे.

वर चढताना आज पहिल्यांदा पायऱ्या मोजायला घेतल्या.
शंभराच्या पुढे गेले होते.
रेहाना ओट्यावर भांडी घासत होती.
"पोचली का ताई सगळी?"
म्हटलं, पोचली की.
एक जास्तच.

आणि तिथंच माझी मोजणी चुकली.