नालबंद, दर्जा दुसरा

पत्र्याच्या डब्यात एक कागद आहे,
चारही घड्यांवर फाटलेला.
परतवाड्याच्या उर्दू शाळेतल्या मास्तरांनी
चष्मा वर-खाली करत वाचून दिला :
ओकंडा वल्द डोमा, कौम लोहार.
नालबंद, दर्जा दुसरा.
डाव्या भुवईवर भाजल्याची खूण.
चालचलन : बरं.

अकरा वर्षांच्या नोकरीला
बरं.

खरं नाव उकंडा.
आधीचे तीन सटवीनं नेले म्हणून
याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवला
आणि सुपात घालून परत आणला, कवडी मोजून.
एकदा फेकलेलं
मरण पुन्हा उचलत नाही,
एवढाच हिशोब.

छावणीत घोड्यांचे खूर राखायला माणूस हवा होता.
बोरखेडहून चालत गेला, खांद्यावर सांडस,
सापन नदीला गुडघाभर पाणी.
आठ दिवसांत येतो म्हणाला.
रिसाला गेला ब्रह्मदेशात.
तिथं लोखंड रातोरात गंजतं,
खूर भिजून खिळा धरत नाहीत.
लढाई त्यानं पाहिली ती खालून,
घोड्याच्या पोटाखालून,
मांडीवर खूर, तोंडात चार खिळे.
कोण जिंकलं ते त्याला कुणी सांगत नसे.
संध्याकाळी आलेले खूर मोजायचे, चारानं भागायचे.
तेवढे घोडे.
वर माणूस असेल, नसेल.

इकडं बेनाबाईनं
पहिलं वर्ष भाता झाकून ठेवला.
दुसऱ्या सालीं गावातल्या वखराच्या पासा बोथट झाल्या,
तेव्हा पदर खोचला.
झिबला सात वर्षांचा, भात्याच्या दोरीला लोंबकळायचा.
पार्बता पाठीशी बांधलेली.
लोक म्हणाले, बाईच्या घणानं ऐरण विटाळते.
ऐरण विटाळली नाही.
वाजली.

पाणी द्यायची ती कानानं.
कुऱ्हाडीला लांब चुर्रर्र,
विळ्याला आखूड.
खळ्यावर लोहाराचा वाटा घ्यायला गेली
तर एकानं पायलीच्या जागी अर्धी मापली.
ती काही बोलली नाही.
पुढच्या हंगामात त्याच्या विळ्याची
अर्धीच धार निघाली.

तो आला तेव्हा दुपार होती.
घोड्याच्या लाथेनं गुडघा वाकडा,
आकडे मोजायचा तर एक, दो, तीन.
दाराशी पार्बता, त्याला कधी न पाहिलेली.
'माय, कोनी शिपाई आला. पानी मांगते.'
'थांब म्हना त्याले. लोखंड तापलं हाये.'

तो थांबला.
मग आत येऊन खाली बसला
आणि झिबल्याच्या हातातून
दोरी घेतली.

पुढची सगळी वर्षं तो भाता ओढत राहिला.
घण मागितला नाही, असं आजी सांगायची;
मागितला होता, तिनं दिला नाही,
असं आजीची बहीण सांगायची.
सहा महिन्यांनी एकदा छावणीत जायचा,
अंगठा उठवून पेन्शन आणायचा.
एकदा लाखेच्या बांगड्या आणल्या त्यानं, हिरव्या.
तिनं खुंटीला अडकवल्या.
भट्टीपुढं लाख वितळते,
हे लोहाराला ठाऊक नसावं?
की ठाऊक होतं,
आणि म्हणूनच आणल्या?

बेनाबाईचा कागद नाही.
तिची उंची किती, खूण कुठं,
चालचलन कसं, कुणी लिहून ठेवलं नाही.

ऐरण आहे मात्र.
माझ्या वेल्डिंगच्या दुकानात, सिलिंडरच्या मागं.
ट्रॅक्टरची वाकलेली पिन सरळ करायची असली
की तीच लागते.
तिच्या डाव्या अंगाला खोलगा पडलाय,
घण तिथंच पडत राहिल्यानं.
उकंडा उजवा होता.
मीही उजवा.
दर वेळी मला फिरून
पलीकडच्या बाजूला उभं राहावं लागतं.