भवानी पेठेतला लिंब

सतरा वर्षं नोकरी करून आलो तेव्हा
एटीएमच्या दारातलं स्टूल माझ्यासाठी ठरलेलं होतं.
"बसून पगार आहे बे, फौजी," मेहुणा म्हणाला.
बसणं मला जमलं नसतं.
सिग्नलचा माणूस मी,
खांबावर, देवदारावर, कमरेला दोर,
जमिनीवर माझं कधी फारसं ठीक चाललं नाही.

सात रस्त्याजवळच्या प्रेसमध्ये कार्ड टाकलं:
रेवणसिद्ध हत्तुरे, वृक्षशल्यचिकित्सक.
यनगंटींनी चष्मा कपाळावर नेला.
शल्य म्हणजे आत सलत राहतं ते ना हो?
झाडांचंही काढता?
मी म्हटलं, छापा तसंच.
त्यांनी छापलं, आणि गिऱ्हाइकाला कळावं म्हणून
खाली बारीक अक्षरात स्वतःच घातलं,
'झाडे कापून मिळतील.'
शंभर कार्डं.
रात्री मी आणि महानंदा पेन घेऊन बसलो,
शंभर वेळा 'कापून' खोडलं.

पहिला फोन आला:
हापूसचं रोप केवढ्याला?

दुसरा भवानी पेठेतून.
यंत्रमागाच्या शेडवर लिंबाची फांदी टेकलेली,
वारा आला की पत्रा ओरडतो.
गाजूलांचा मुलगा म्हणाला, मुळापासूनच काढा,
एकदाची कटकट मिटेल.
त्याची आई नरसम्मा सावलीत, मांडीवर सूप,
तेंदूचं पान कात्रीनं असं कापत होती
की शीर बरोब्बर मधोमध राहावी.
तिनं वर पाहिलं नाही. विड्या मोजत राहिली.

मी लाकडी हातोडीनं खोड वाजवलं.
मागांच्या खटखटीत काही ऐकू येईना.
म्हटलं, पाच मिनिटं बंद ठेवा.
माग थांबले
आणि एप्रिलच्या बारा वाजता पेठेत
माझी टकटक तेवढी उरली.
खाली पोकळ. छातीपर्यंत पोकळ.
पण भोवतीची भिंत वीतभर जाड, खणखणीत.
मुलाला सांगितलं, हे उभं राहतंय.
पोकळ आहे, पण उभं राहतंय.
नरसम्माची कात्री थोडा वेळ थांबली.

वर चढलो.
चढताना आठवू नये ते आठवलंच:
एका चौकीसमोर एकेचाळीस देवदार
आम्ही एका आठवड्यात आडवे केले होते.
नजर मोकळी करा, असा हुकूम होता.
झाली मोकळी.
समोर काही नव्हतं. बर्फ होता.
तिथं कुणी हातोडी वाजवून पाहिलं नव्हतं.

पहिला काप खालून, अर्ध्याच्या आत.
दुसरा वरून, जरा पुढं, म्हणजे साल फाटत जात नाही.
फांदी दोरावर हळूच उतरवली,
झोपलेलं पोर उतरवतात तशी.
मग तिसरा. तो फांदीच्या बुडाशी,
जिथं सालीला सुजल्यासारखं वळं असतं, त्याच्या बाहेरून.
वळं राखायचं. झाड तिथूनच स्वतःची जखम मिटतं.
वर डांबर नको, शेण नको, हळद नको.
कोर्समध्ये सगळ्यात अवघड मला हेच गेलं होतं,
काही न लावता खाली येणं.

"हजार रुपये? एका फांदीला?" मुलगा म्हणाला.
मी दोर गुंडाळत राहिलो.
नरसम्मानं कमरेची पिशवी सोडली,
विडीच्या वासाच्या नोटा,
आणि वर कागदात कडक भाकरी, शेंगाचटणी.

"वरून काय दिसतंय रे?"

पत्रे, म्हटलं. गच्च्यांवर वाळणाऱ्या चादरी.
बंद गिरणीची चिमणी.
त्या बाजूला तळ्याचं पाणी, आटलेलं, पण आहे.

"मी?"

दिसता की. पानांतून. निम्म्या.

ती हसली, दात नव्हते.
म्हणाली, पुढच्या उन्हाळ्यात ये,
जखम कुठवर मिटली बघून सांग.

माग पुन्हा सुरू झाले.
मी कार्डाच्या मागं तारीख लिहून दिली.