जोडाक्षर

पहिल्या दिवशी त्यांनी माझी बॅग टेबलावर उपडी केली.
माउथवॉश काढून घेतला, अत्तराची कुपी,
केकात घालायचा व्हॅनिला इसेन्ससुद्धा.
तो कशाला आणला होता, कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर सांगितलं असतं.

मृण्मयी काही गॅरेथच्या तोंडात मावेना.
चिठ्ठीवर त्याने 'मिन' लिहून दिलं.

खोलीतून समुद्र दिसेल म्हणाले होते.
वेस्टन-सुपर-मेअरला दिसतो तो चिखल.
पाणी इतकं आत गेलेलं
की ते परत येतं यावर विश्वास ठेवायला
पत्रक लागतं: भरतीच्या वेळा,
स्वयंपाकघराच्या दारावर,
भांड्यांच्या पाळ्यांशेजारी.

सात वर्षं दोन दारांमध्ये येरझाऱ्या घातल्या.
मनाचे डॉक्टर म्हणायचे, आधी दारू सोडून या.
दारूवाले म्हणायचे, आधी डोकं ताळ्यावर आणा.
मधल्या रस्त्यावरचं दुकान तेवढं
रात्री अकरापर्यंत उघडं.
तिथे आधी-नंतर कुणी काढत नसे.

एका पहाटे तीनला मी स्वयंपाकघर पिवळं रंगवलं,
छतासकट, फ्रीजमागच्या भिंतीसकट.
ओजस डबा घ्यायला आला तो दारातच थबकला.
मग फेब्रुवारीभर पडदे उघडले नाहीत.
थर्मासमध्ये चहा नव्हता,
हे त्याने ओळखलं होतं. नऊ वर्षांचा.

इथली डॉक्टर, प्रिचर्डबाई, फळ्यावर
एकमेकांत घुसलेली दोन वर्तुळं काढते.
मला आठवते ती पाटी.
जोडाक्षरात पहिल्याची उभी रेघ मोडायची,
मग ते दुसऱ्याला टेकून उभं राहतं.
माझ्यातलं मोडलेलं कोणतं, मी विचारलं.
ती म्हणाली, ते शोधत बसलो तर
शब्द वाचायचा राहून जाईल.

सकाळी औषधाच्या खिडकीशी रांग.
लिथियम, घोटभर पाणी, जीभ वर करून दाखवायची.
लिनेट दर वेळी खिदळायची, एकसष्टाव्या वर्षी.
शाळेत मुलांना जेवण वाढण्यात जन्म गेलेला,
बटाटे तिच्याइतके पातळ कुणी सोलत नसे.
सोलाणं मोजून मिळतं, मोजून परत.

रविवारी फोन, दहा मिनिटं.
सांगलीहून आई: कोर्स कसा चाललाय?
अवघड आहे गं.
परीक्षा आहे का शेवटी?
रोज असते.
मग जेवत जा नीट.

ओजस फोनवर आला की आधी नुसता श्वास.
मग म्हणाला, बाबा भिंती परत पांढऱ्या करतायत.
तुला काय वाटतं?
फ्रीजमागची राहू दे म्हटलं मी त्यांना.

एकोणिसाव्या दिवशी लिनेट टॅक्सी बोलावून गेली.
कुणी अडवलं नाही, इथे दाराला कुलूप नसतं.
तिचा टॉवेल अजून रेडिएटरवर आहे,
वाळून पापडासारखा. मी तो काढत नाही.

आज बटाटे माझ्याकडे.
साली जाड निघतात.
बाहेर किनाऱ्यावरची गाढवं परत नेतायत.
पत्रकावर सहा-चाळीस लिहिलंय.

गॅरेथ म्हणतो, नाव पुन्हा सांग, हळू.
मृ. मग ण्, पण अर्धा.
त्याच्यावर थांबायचं नाही, पुढच्यावर टेकायचं.
"मृन," तो म्हणतो. "मृन... म."
पुन्हा.

सहा-बेचाळीस. अजून चिखलच.
मी सोलाणं धुऊन पुसून त्याच्या हातात देते.
हातात एकच आहे,
तरी तो मोजतो.