उलटे खूर

गोष्टीत एवढंच असतं:
तळ्यातून वर आलेला राखाडी घोडा,
खूर उलटे, टाचेकडे वळलेले. बस्स.
पुढे लगेच पाठीवर बसलेली मुलं,
पाणी, बुडबुडे.

मी घोट्यापाशीच अडकले.
खूर मागे, तर कंडरा जाते कुठून?
चढावर भार कोण घेतं?
क्रोकुरच्या खाटीकखान्यातून चार पाय आणले,
सोलले, मोजले, वहीत उतरवले,
आणि हिवाळाभर शेडमध्ये
लाकूड, मेण, सीलचं कातडं,
शेजाऱ्यांच्या खराऱ्यातून गोळा केलेली आयाळ.
शेवाळ नाही लावलं. शेवाळ चित्रात शोभतं.
तळ्याचा बर्फ तडकतो तेव्हा तोच खिंकाळतो म्हणतात,
म्हणून छाती रुंद ठेवली,
आणि गुडघे थोडे सुजवले.
असं चालणाऱ्याचे सुजणारच.

मार्चमध्ये बाबा आले.
ब्रांदुर नालबंद. चाळीस वर्षं
स्कागाफ्योर्दुरच्या घोड्यांचे पाय
मांडीवर घेतलेला माणूस.
कलेबद्दल त्यांचं मत एका वाक्याचं आहे,
तेही ते बोलत नाहीत.
दारात बूट झटकले.
त्याचं नाव घेतलं नाही;
नाव ऐकलं की तो पाण्याकडे पळतो
आणि इथून तळं दोनशे पावलं.

पाठीवर हात ठेवला,
तसाच घसरवत खाली नेला,
"चल, दे पाय," म्हणाले.
लाकडाला.
पाय काही उठला नाही.
मग तेच वाकले, कटकट वाजत,
सुजल्या गुडघ्यांशेजारी सुजले गुडघे.
कडेकडेनं अंगठा फिरवत राहिले, बराच वेळ.
"उतारावर हाल होत असतील याचे."
एवढं बोलून गेले. कॉफी तशीच.

नालासाठी घोडा घेणारे असतात जगात.
बाबांनी नसलेल्या घोड्यासाठी
भट्टी पेटवली.
चौथ्या दिवशी टेबलावर चार नाल,
अजून कोमट,
एक कड जाड, दुसरी घासून उतरवलेली:
माझ्या वहीत जे सुटलं नव्हतं
ते लोखंडात सुटलेलं.

"खिळे तू मारू नकोस, अल्दिस.
तुझा हात आत जातो. दुखेल."

मी डोकं धरून उभी राहिले,
काचेच्या डोळ्यांवर नकळत तळवा.
तिसऱ्या खिळ्याला बाबा थांबले.
हातोडी वरच.
माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्या कानांकडे.
हलला, असं काही म्हणाले नाहीत.
म्हणाले,
"नीट धर."