पिवळी पेटी नेणाऱ्यास

नोटीस तू वाचली असशील, नसशीलही.
चौथ्या पानावर होती, टायरच्या जाहिरातीखाली :
उघडू नये. जवळ बाळगू नये. दिसल्यास कळवावे.
ती मी लिहिली नाही. मी फक्त तपशील पुरवला.
अनुक्रमांक, वजन, कुलपं दोन,
आणि गाडी कुठे उभी होती ते :
कालामाच्या वेशीवर, एर्मिंदाबाईच्या खाणावळीसमोर.

मी आत सूप पीत होतो. सतरा मिनिटं.
सतराच का, असं तिघांनी विचारलं, तीन वेगवेगळ्या खोल्यांत.
वाटीत मक्याचं कणीस होतं, फार गरम.
याहून खरं उत्तर माझ्यापाशी नाही.

तुला गाडी हवी होती, हे कळतं.
मागे साखळीने बांधलेलं ते काय, हे तुला कळलं नसणार.
ते रस्त्याला प्रश्न विचारणारं यंत्र आहे.
दांडा खाली सोडायचा, मिनिटभर दूर उभं राहायचं,
मग रस्ता सांगतो : मी घट्ट बसलोय,
किंवा, अजून पोकळ आहे, रोलर परत फिरवा.
दांड्याच्या टोकाला कणभर सीझियम असतं.
कणभरच. तरी त्याच्यासाठी एवढं शिसं.

वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये आडोसा :
एकोणीस वर्षं हे तीन नियम पाळले.
घरीसुद्धा पाळलेस,
असं यास्ना म्हणाली, भांडताना नव्हे,
कांदा चिरताना.

सहाव्या दिवशी गाडी सापडली, चाकांशिवाय.
सान्तियागोहून आलेली माणसं खिडकीतून मीटर धरून
गल्ली गल्ली फिरली, बैलगाडीच्या वेगाने.
मीटर टिकटिकत होतं. ते इथे टिकटिकतंच,
इतक्या उंचावर आभाळच थोडं थोडं झिरपत असतं.
हमरस्त्याकडेला कुणा मेलेल्या ड्रायव्हरची छोटी देवळी आहे,
तिथे काटा जरा जास्त हलला.
सगळे खाली उतरले.
दगडच होता, ग्रॅनाइटचा, जन्मापासून तसा.

रात्री मी तुझ्याशी बोलायचो, अंथरुणात.
दांडा ओढू नकोस.
घरात मूल असेल तर त्याला त्यावर चढू देऊ नकोस.
पैसे हवेत तर मी देतो, थोडे आहेत.
कधी शिव्याही दिल्या. त्या लिहीत नाही.

अकराव्या दिवशी ती बाजारात दिसली.
बावीस हजार पेसोंना विकलीस म्हणे.
सेल्मिरा कोल्के, वय एकाहत्तर, लोकरी मोजे विकते,
पेटीवर घोंगडी घालून बसलेली.
उंची छान आहे, म्हणाली, गुडघे दुखत नाहीत.
तिला उठवलं. फीत बांधली. बाजार रिकामा झाला.
कुलपं शाबूत. दांडा आत.
आकडा जेमतेम, आभाळापेक्षा उगीच थोडा वर.
अधिकाऱ्याने तिला लांबूनच ओरडून सांगितलं :
बाई, काळजीचं काही नाही.

ती म्हणाली,
मग तुम्ही सगळे इतके लांब का?

चार हात लांब राहावं म्हणतात. आम्ही चाळीस हात होतो.
कुणी उत्तर दिलं नाही. नियमात तसं उत्तर नाही.
मी फितीखालून गेलो, पेटी तिथेच होती,
तिच्याजवळ वाळूत बसलो आणि मोजे गोळा करू लागलो.
वाऱ्याने जोड्या फुटल्या होत्या.
एक राखाडी माझ्याकडे, एक तिच्याकडे.
तिने विचारलं, अकरा दिवसांतलं किती उरलं माझ्यात?
मी जे शिकलो ते सांगितलं : जवळजवळ काही नाही.
“जवळजवळ,” ती म्हणाली, आणि घोंगडी झटकली.

माझा परवाना सध्या त्यांच्याकडे आहे.
रोज सकाळी यंत्र ठोकळ्यावर ठेवून स्वतःला तपासतं,
आता ते काम दुसरा कुणी करतो.
आकडा नेहमीचाच येतो, कालच्यापेक्षा किंचित कमी,
इतका किंचित की वहीत दिसायला वर्षं लागतात.
तीस वर्षांनी निम्मा होईल. तेव्हा मी असेन की नाही,
तू असशील, तू तरुण असणार, गाडी भरधाव नेलीस.

चाव्या अजून माझ्या खिशात होत्या. दोन्ही.
काल परत केल्या.
मोज्यांची एक जोडी घेतली तिच्याकडून.
घोट्याला सैल आहे.