अधिक-उणे चाळीस

रुपेखोलच्या सड्यावर गवत येतं,
एका पट्ट्यात येत नाही.
बाबल घाडी म्हणाला, "राखणदाराची जागा ती.
थयसर चरलला ढोर घराक येना नाय."
मॅडमनी मातीची पुडी बांधली, वर लिहिलं: शिसं?
दोघांनी कुंपण एकाच जागी घातलं.

नारळ, विडा, गाऱ्हाणं झालं.
मग आम्ही पोटावर सरपटत आत.
मी रेघा मारणारा माणूस. आलेखाचा कागद,
दोन पेन्सिली, कपाळाला बॅटरी.
चांदीची शीर होती तिथं आता
नुसता तिचा आकार,
दात काढल्यावर जीभ सारखी जाते तसा.

भिंतीवर छिन्नीचे घाव.
दोनशेनंतर मोजणं सोडलं.
सगळे उजवीकडून डावीकडे उतरणारे,
एका कोनाड्यात मात्र उलटे.
डावखुरा, मी वहीत लिहिलं.
त्याच्या दिवळीची काजळी बोटाला लागली.
एवढ्या वर्षांत कुणी पुसली नव्हती.

पुढं बोगदा निमुळता. माझा खांदा अडकला.
बाबलचा नातू, अकरा वर्षांचा,
सहज पलीकडे गेला
आणि तिकडून ओरडला, "हयसर बसाक जागा आसा!"
मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मीही टेपचं टोक सोडून दिलं.

बाहेर भट्टीची मळी: काळी, जड, बुडबुडे गोठलेली.
गावानं तिचे गडगे रचलेत काजूच्या बागांना.
कधीची, कुणाची, कोण विचारतो,
गडगा पक्का आहे,
फुरसं त्यावर ऊन खातं.
चांदी खाडीतून गलबतानं गेली असणार,
कुठल्याशा पेढीच्या वहीत
गुंजेपर्यंत उतरली असणार.
गुंजेची चूक तिथं चालत नसे.

खडक तडकवायला पेटवलेल्या आगीचा कोळसा,
हरभऱ्याएवढा एक तुकडा,
आम्ही चांदीच्या कागदात गुंडाळून प्रयोगशाळेला धाडला.
आठ महिन्यांनी उत्तर: अमुक इतकी वर्षं,
अधिक-उणे चाळीस.
मॅडम खूश. एवढं नेमकं क्वचित मिळतं म्हणाल्या.

चाळीस.
त्या फटीत तो जन्मला असेल,
डाव्या हातानं जेवतो म्हणून
आईचे फटके खाल्ले असतील,
लग्न, गुडघे, खोकला,
निमुळत्या बोगद्यात धाडण्याजोगं एखादं पोर,
आणि उणेकडून अधिककडे पोचायच्या आत
बहुतेक आटोपलाही असेल.
हिशेबाला धक्का न लावता.

त्याचा कोनाडा मी सगळ्यात शेवटी काढला.
कोणी बघत नाही असं पाहून
पेन्सिल डाव्या हातात घेतली.
रेघ वाकडी आली.
मॅडमनी विचारलं, हे काय?
म्हटलं, खडकच तिथं तसा आहे.