कारण : ऐच्छिक

होलीहेडचा धक्का सुटतो तेव्हा फोनवर दोन रेघा असतात,
मग एक,
मग नुसतं पाणी.
सव्वातीन तास मी ट्रकवाल्यांना अंडी वाढते, बीन्स वाढते,
कप विसळते,
आणि डब्लिनची धुराडी दिसायला लागली
की एप्रनच्या खिशात फोन थरथरतो
तीनदा, चारदा.
माझा मुलगा दिवसभर कुठे होता ते
असं एकदम हाती येतं.

बस, एक पौंड.
चिप्स, दोन पौंड ऐंशी.
वहीचं दुकान. (वही! मॅक्सेन आणि वही!)

तेरा वर्षांचा आहे.
शाळा कशी झाली? ठीक.
जेवलास का? ठीक.
त्याचं कार्डच काय ते बोलकं.

खातं उघडायला गेलो तेव्हा
आदल्या संध्याकाळी त्यानं सहीचा सराव केला होता,
वीजबिलाच्या पाठीवर, चाळीस वेळा,
एम ला शेपूट, शेवटी खाली एक रेघ.
आठ दिवसांनी नारिंगी कार्ड घरी आलं,
त्यावर सही करायला जागाच नव्हती.
काही बोलला नाही.
ते बिल मी अजून फेकलेलं नाही.

माझे वडील शुक्रवारी माझ्या हातावर नाणी मोजायचे.
नाण्यांना मासळीचा वास यायचा.
मूठ उघडली की कळायचं, किती उरले,
मूठ हलकी झाली की पायही घराकडे वळायचे.
हा नुसतं टेकवतो. टुंग.
हातातलं काही कमी होत नाही,
कमी होतं ते माझ्या खिशात, समुद्रात, तीन तासांनी.

ऑक्टोबरात आकडे दुप्पट झाले.
बस, दोन पौंड.
हॉट चॉकलेट, दोन.
शनिवारी सिनेमा, दोन, आणि मका एकच, मोठा.
मी भटारखान्यात डिलविनला सांगितलं : दोन!
तो तवा घासत म्हणाला, मग विचार की त्याला.
काही गोष्टी विचारल्या की मरतात, डिलविन.
मी आठवड्याचे दहाचे चौदा केले,
चोरासारखे.
त्याच्या लक्षात आलं असणार.
त्या रविवारी भांडी त्यानं धुतली.

फेब्रुवारीत बस परत एक पौंड.
मग बसही नाही. चालत जात असावा,
तिच्या थांब्यावरून, किंवा तो थांबा चुकवून.
तिच्या की त्याच्या, तेही मला माहीत नाही.
मग काहीच नाही.
नऊ दिवस खात्यात तेवीस पौंड साठ,
हललेच नाहीत.
पैसे संपल्याची काळजी माझ्या हाडात आहे, आईकडून आलेली.
पैसे संपत नाहीत म्हणून
मी कधी जागी राहिले नव्हते.

आज सुटताना, दुसरी रेघ जायच्या आत,
पाच पौंड पाठवायला घेतले.
खाली चौकट : कारण (ऐच्छिक).
लिहिलं, चिप्स. खोडलं.
लिहिलं, सगळं समजतं मला. खोडलं,
कारण समजत नाही.
रिकामंच पाठवलं.
गोल चकती फिरत राहिली,
दीपगृह मागे पडलं तरी फिरत होती,
एकजण ओरडला, बाई, टोस्ट जळतोय.

डब्लिनची धुराडी.
खिसा एकदा थरथरला : पोचले.
पुन्हा थरथरला.

मॅक्सेनकडून तुम्हाला
शून्य पौंड, एक पेनी.
कारण : ठीक नाहीये.

ट्रक उतरत होते, साखळ्या वाजत होत्या,
जहाज माघारी वळायला अजून दोन तास होते
आणि मग सव्वातीन,
आणि मग धक्क्यापासून घरापर्यंतची चढण.
ओल्या अंगठ्यानं फोन ऐकेना. एप्रनला पुसला.

एक पेनी.
कारण : निघालेय.